गाव आधी, गाडी मागनं

बारामतीच्या एसटी स्टँडवर ज्याने कधी ताटकळत गाडीची वाट बघितली असेल, त्याने माणिकतात्यांना ऐकलेलं असणार. बघितलेलं मात्र क्वचितच असेल. चौकशीच्या खिडकीमागे, जाळीच्या आत, एका डगमगत्या खुर्चीवर बसून तात्यांनी सव्वीस वर्षं गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर एकदा ते माझ्याबरोबर तालुक्याला आले होते. चहाच्या टपरीवर त्यांनी "दोन चहा, एक बिनसाखरंचा" एवढंच म्हटलं, तर शेजारच्या बाकावरची एक म्हातारी पिशवी उचलून उभी राहिली आणि म्हणाली, "लागली का वो मोरगाव गाडी?" ही थाप नाही. त्या म्हातारीला हाताला धरून मीच परत बाकावर बसवलं होतं.

तात्या मेंढक्याच्या घरचे. त्यांचे वडील पाऊस सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. तात्या शाळेत गेले, एसटीत चिकटले, कळप मोडला. वडिलांची हाक तेवढी त्यांच्याकडे राहिली. हाक आणि ओरडणं यांत ते फार मोठा फरक करत. "मेंढरू वरडण्याला बुजतं, हाकंला येतं," ते म्हणायचे, "माणूस बी तसलाच हाय." सव्वीस वर्षांत माईकवर त्यांचा आवाज एकदाही चढलेला कुणी ऐकला नाही, अगदी यात्रेच्या गर्दीतही.

त्यांचा दुसरा नियम होता, गाव आधी, गाडी मागनं. नवीन माणूस माईकवर बसला की सुरुवात करायचा, फलाट क्रमांक चारवर उभी असलेली, अमुक आगाराची, तमुक वाजता सुटणारी. तोवर निम्मे प्रवासी जांभई द्यायचे. तात्या नुसतं म्हणायचे, "मोरगाव. मोरगाव. जेजुरीला जानारी, फलाट चार." आणि थोडं थांबून तेच, तसंच, पुन्हा एकदा. का, म्हणून मी विचारलं तर त्यांनी मला पहिलीतल्या पोराला समजावावं तसं समजावलं. "गर्दीत माणसाला फकस्त आपल्या गावाचं नाव ऐकू येतं. त्ये कानावर पडलं की मग त्यो कान टवकारतो. म्हणून गाव आधी. आन दुसऱ्या टायमाला एक शब्द बी बदलायचा न्हाय. बदलला की त्याला वाटतं, ही दुसरीच गाडी."

एका दिवाळीची गोष्ट ते आवडीने सांगत. स्टँड तुडुंब भरलेलं. सात नंबरच्या फलाटावर कुणाच्या तरी पिशवीत फटाके होते, त्या पिशवीवर कुणाची तरी विडी पडली आणि धूर निघायला लागला. तात्यांना तो जाळीतून दिसला. तुम्ही-आम्ही असतो तर 'आग, आग' म्हणून बोंब ठोकली असती, आणि फटाक्यांनी केलं नसतं ते चेंगराचेंगरीनं केलं असतं. तात्यांनी माईक पुढे ओढला आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "भिगवण. भिगवण. गाडी आज लिंबाच्या झाडाखाली लागंल." सात नंबरवर सगळे भिगवणवालेच होते. जागा धरायला ते असे सुटले की दोन मिनिटांत फलाट मोकळा. मग शिपायाने पिशवीवर बादली उपडी केली. चार फटाके फुटले, बाकीचे भिजले. भिगवणवाले मात्र झाडाखाली अर्धा तास तात्यांच्या नावानं बोटं मोडत उभे होते.

"पर मी खोटं बोललो न्हाय हां," गोष्ट संपवताना तात्या न चुकता सांगायचे. "पुढची भिगवण गाडी मी झाडाखालीच लावून घेतली." त्यांना फलाट रिकामा केल्यापेक्षा याचा अभिमान जास्त होता.

आता मी यात कुठून आलो ते सांगतो. आमचं गाव कऱ्हेच्या काठाला, मोरगावच्या खाली आणि बारामतीच्या वर. कऱ्हेला नदी म्हणायचं ते नकाशाचा मान राखायला. वर्षातले दहा महिने तिच्या पात्रात शेळ्या बसतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. मी गावच्या पंचायतीत कॉम्प्युटर चालवतो. उतारे, दाखले, अर्ज हे माझं काम. कॉलेजात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला असल्यामुळे गावात मला 'इंजनेर' म्हणतात. तात्या त्या शब्दात थोडी चेष्टा घालायचे, पण इतकी बारीक की तक्रार करता यायची नाही.

काही वर्षांपूर्वी गावाला फोनवरून एकदम निरोप देण्याची सोय आली. एकच नंबर. त्यावर नेमलेल्या माणसाने फोन करून बोलायचं, की तेच बोलणं यादीतल्या प्रत्येक फोनवर त्याच क्षणी ऐकू जातं. पूर, आग, बिबट्या, काहीही असो. कुणी उचलला, किती सेकंद ऐकला, हे माझ्या पडद्यावर दिसतं. उचलला की हिरवा, नाही उचलला की लाल. मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, सर्टिफिकेट कॉम्प्युटरच्या वर टांगलं आणि पहिल्या चाचणीचा निरोप स्वतः लिहिला. तो मी मोठ्याने वाचून बघत असताना तात्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला घ्यायला आले होते.

"सर्व ग्रामस्थांना याद्वारे सूचित करण्यात येते की," मी वाचलं, "कऱ्हा नदीच्या पाणलोट क्षेत्रातील संभाव्य अतिवृष्टी लक्षात घेता..."

"इंजनेर," तात्या म्हणाले, "ह्यात पाणी कुठं येतंय?"

"अजून दोन वाक्यांनी येतं तात्या."

"तवर कमरंला लागंल की."

आणि खुर्ची ओढून बसले. दाखला राहिला बाजूला. माझा कागद उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'खालची वस्ती. खालची वस्ती. नदीला पाणी आलंय. माणसं-जनावरं घेऊन आत्ता शाळंत या. मी माणिक सांगतोय.' घड्याळ लावून वाचलं. अकरा सेकंद. दोनदा म्हणायला बावीस. "आपलं नाव शेवटी का?" मी विचारलं. "कंडक्टर तिकीट शेवटी फाडतो म्हणून," ते म्हणाले. हे उत्तर मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून निरोप देण्याचं काम त्यांचं झालं.

नदीची खबर आणायची त्यांची तऱ्हा तर याहून न्यारी. वर कुठे पाऊस झाला हे आम्हाला कसं कळणार, म्हणून मी कुठकुठली संकेतस्थळं उघडून बसायचो. तात्यांनी जुन्या सोबत्यांना फोन केले. मोरगावच्या गाडीवर जो कोणी वाहक असेल त्याने पूल ओलांडताना खिडकीतून खाली बघायचं आणि वेगळं काही दिसलं तर तात्यांना सांगायचं, एवढंच. पाणी तिथं दिसलं की आमच्यापर्यंत यायला अर्धा-पाऊण तास. सरकारी यंत्रणा यायची तेव्हा यायची, तात्यांची गाडी दिवसातून आठ वेळा यायची.

आता माझी चूक. ती मी केली, आणि सांगणार आहे तीही मीच.

यादीला घरोघरचे फोन नंबर हवे होते. घरोघर कोण हिंडणार? साखर कारखान्याच्या सभासदांची यादी गावात होतीच, प्रत्येकाच्या नावापुढे नंबर. मी ती उचलली, दहा मिनिटांत आत घातली. तात्यांनी विचारलं, "समदी घरं आली?" मी म्हणालो, "एक सुटलं नाही." आणि खरंच एकही घर सुटलं नव्हतं.

भाद्रपदातली दुपार होती. डोक्यावर लख्ख ऊन. आमच्याकडे चार दिवसांत थेंब पडला नव्हता, पाऊस झाला होता तो वर पुरंदरच्या डोंगरात. अडीचच्या सुमाराला वाहकाचा फोन आला, "तात्या, पुलाच्या कमानीला पाणी लागलंय, लालभडक हाय." तात्या माझ्याकडे आले आणि गाडी पुकारावी तसा निरोप दिला. पडद्यावर हिरवे ठिपके पडायला लागले. गावातले बहुतेक सगळे हिरवे. मी टेबलावर थाप मारली. तात्या मात्र बाहेर जाऊन उतारावर उभे राहिले, कारण गाडी पुकारली की फलाटाकडे बघायचं ही त्यांची सवय.

फलाट हलेना. खालच्या वस्तीत बारा घरं. दोऱ्यांवर धुणं वाळत होतं, बाया अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

कारण फोन वाजले होते ते सभासदांचे. खालच्या वस्तीतले चार कर्ते गडी इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या कंपन्यांत कामाला. शिफ्टला आत जाताना त्यांचे फोन गेटवरच्या कपाटात जमा होतात, ते तिथे वाजले. तिघं बारामतीच्या मार्केट यार्डात होते. दोघांचे नंबर पुण्यातल्या मुलांचे. एक सभासद वारलेला, त्याचा नंबर आता सोलापूरच्या कुणा सद्गृहस्थाकडे होता, त्याने बावीसच्या बावीस सेकंद शांतपणे ऐकलं. आणि उरलेले दोघे वर चावडीत पत्ते खेळत होते. निरोप ऐकून ते म्हणाले, तात्याची चाचणी चाललीय. मी एकूण हिरवे मोजले, ते बारा वेगळे बघितलेच नाहीत.

तात्यांनी चपला काढल्या आणि उतारावरून पळत सुटले. साठी उलटलेला माणूस. मधल्या टेकाडावर थांबून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वडिलांची हाक दिली. ती मी आयुष्यात एकदाच ऐकली. बाया उठल्या, पोरं काखेत मारली, म्हशींची दावी सोडली आणि वर आल्या. त्यानंतर थोड्याच वेळात पाणी अंगणात शिरलं.

अनसूयाबाई तेवढ्या राहिल्या. त्या सात शेळ्या घेऊन थेट पात्रात गेल्या होत्या, तिथवर हाक पोचली नाही. लोंढा आला तेव्हा त्या बाभळीवर चढल्या. ट्रॅक्टरची ट्यूब आणि कासरे बांधून पोरांनी त्यांना उतरवेपर्यंत तीन तास झाले. शेळ्या गेल्या. अंगभर काटे बोचलेल्या अनसूयाबाई शाळेत आल्या, तात्यांच्या समोर बसल्या आणि कनवटीची पिशवी सोडून त्यातून फोन काढला.

"ह्यो बघा तात्या. चालू हाय. बाभळीवर बसून मी ह्येच्याकडंच बघत हुते. ह्येच्यात तुमी बोलला न्हाय."

तात्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. माझ्याकडे वळून बघितलंही नाही, आणि ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत आले तेव्हा मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो, तर म्हणाले, "तुजी चूक न्हाय. स्टँडवर माजा प्रवासी समोर उभा आसायचा. हितं त्यो दिसत न्हवता, तर मला इचारायला पायजे हुतं." मग खिशातली डायरी काढली आणि म्हणाले, "चल. घरं फिरायचीत."

पुढचे वीस-बावीस दिवस आम्ही फिरलो. तात्या दारात उभे राहून 'तुमचा नंबर काय' असं कधीच विचारत नसत. ते विचारायचे, "दुपारच्याला दोन वाजता ह्या घरात कोण आसतं?" या एका प्रश्नानं आमची सगळी यादी पालटली. उत्तर यायचं, म्हातारी असते, सून असते, शाळा सुटल्यावर पोरगी असते. तो नंबर तात्या डायरीत घ्यायचे आणि वर शीर्षक, 'चुलीपाशीचा फोन.' काही कारभाऱ्यांना ते लागलं. एक सभासद मिशीला पीळ देत म्हणाले, "घरचा कर्ता मी हाय तात्या, बाईचा नंबर कशापायी?" तात्या शांतपणे म्हणाले, "तुमचा बी घेतो की. पर पाणी तुमाला इचारून येनार न्हाय." मिशी खाली आली.

अनोळखी नंबर बाया उचलत नाहीत, हेही कळलं. आणि अडाणी म्हातारीला नाव वाचता येत नाही. मग तात्यांनी माझ्याकडून एक काम करून घेतलं. निरोपाच्या नंबराला प्रत्येक फोनात एसटीचा हॉर्न लावून दिला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला चाचणी, आणि त्या वेळी गावात असा काही कालवा उठायचा की बाहेरचा पाहुणा दचकून रस्ता सोडायचा. शिवाय ठरलं, की यंत्र तीनदा फोन लावणार आणि तरीही ठिपका लाल राहिला तर शेजाऱ्याने पळत जायचं. कुणी कुणाकडे पळायचं हे डायरीत लिहिलेलं. "यंत्राला पाय नसत्यात," तात्या म्हणायचे, "आपल्याला हायेत."

एक नंबर मात्र त्या यादीत नव्हता. तात्यांचं घर खालच्या वस्तीच्या पलीकडे, नदी येते त्या अंगाला, जुन्या विहिरीपाशी, एकटं. काकू वारल्या होत्या, मुलगी फलटणला दिलेली. मी त्यांचा नंबर घालायला गेलो तर त्यांनी हात धरला. "मी सांगनारा. सांगनाऱ्याला कोन सांगनार?"

पुढच्या दोन पावसाळ्यांत नदी दोनदा आली आणि दोन्ही वेळा खालची वस्ती पाण्याच्या आधी शाळेत होती. त्याचा गवगवा झाला नाही. काही घडलंच नाही तर बातमी कसली? तात्यांना मात्र तेच हवं असायचं. गाडी वेळेवर सुटली की कुणी आभार मानतं का, असं विचारायचे.

मग तात्यांचा घसा बसला. आधी काढे झाले, मग बारामतीचा डॉक्टर, मग पुणे. गाठ होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. घरी आले तेव्हा गळ्याला उपरणं आणि खिशात डायरीच्या जोडीला एक पाटी. देवाला विनोद करायचा होता तर त्याने दुसरा माणूस निवडायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

गावाला प्रश्न पडला, आता निरोप कोण देणार? सरपंच म्हणाले मी देतो, पण त्यांचं भाषण 'उपस्थित बंधू-भगिनींनो'शिवाय सुरू होत नाही. मला वाटलं, उत्तर माझ्याकडे आहे. तात्यांचे सगळे जुने निरोप साठवलेले होते. हल्ली आवाजावरून आवाज तयार करणाऱ्या सोयी निघाल्या आहेत. मी आठवडाभर खपलो. वाक्य टाइप करायचं, की तात्या बोलणार. अगदी तोच आवाज, तोच थांबा, तोच 'सांगतोय'. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो, ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. पुन्हा एकदा लावायची खूण केली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार, आणि मी तयारीत होतो.

त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं: 'झ्याक झालंय. पण याला पाणी दिसत नाही.'

मी वाद घातला. घालायलाच पाहिजे होता, आठवडा घालवला होता. म्हणालो, पाणी मी बघेन, टाइप मी करेन. त्यांनी पाटी पुसून लिहिलं: 'तू दोन वाजता कुठं असतोस?' मी पंचायतीत असतो. पंचायतीतून नदी दिसत नाही. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनसूयाबाईंच्या सुनेला बोलावणं धाडलं. छबू तिचं नाव. चुलीपाशी बसलं की तिला दारातून नदी दिसते, हीच तिची पात्रता. निरोप आता तिने द्यायचा, हे मी सांगितलं तशी तिने पदर ओढून घेतला.

"तात्या, मला न्हाय जमायचं. मामंजी हायेत घरात, चुलत मामंजी हायेत शेजारी. त्यास्नी मी 'शाळंत या' म्हनू? हुकूम सोडल्यावानी?"

आमच्याकडे हे लहान दुखणं नाही. सून सासऱ्यापुढे मोठ्याने बोलत नाही, आणि बोललीच तर आर्जवाने. पहिल्या सरावात छबू म्हणाली, "खालच्या वस्तीतल्या समद्या थोरामोठ्यास्नी इनंती हाय की, जरा पाण्याचं बघून, जमल्यास..." तात्यांनी टेबलावर टिचकी मारली. पुन्हा. पुन्हा टिचकी. पंधरा दिवस रोज सकाळी हे चाललं. ती लाजून आवाज खाली न्यायची, ते बोटाने वर आणायचे. घाबरून ओरडायची, तर हाताने खाली दाबायचे. दुसऱ्या वेळेला शब्द बदलला की दोन बोटं वर. दोनदा, तेच. शेवटी एके दिवशी अनसूयाबाईच दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छबे, मी बाभळीवर हुते तवा तुजा सासरा मार्केट यार्डात हुता. तू बोल. त्येचं मी बघते." तिचा आवाज त्या दिवशी जाग्यावर आला.

गेल्या पावसाळ्यात, पुन्हा ऊन असताना, नदी आली. वाहकाचा फोन आता छबूला येतो. पण त्या दिवशी वरच्या अंगाला रस्ता बंद होता, गाडीच आली नव्हती. छबू भाकरी थापत होती. तिला दारातून पात्रातल्या शेळ्या एकदम माना वर करून उभ्या राहिलेल्या दिसल्या. मग काडीकचऱ्याचा फेस. वाहकाची वाट न बघता तिने परातीतला हात तसाच पदराला पुसला आणि फोन लावला. मी पंचायतीत होतो. माझ्याही खिशात हॉर्न वाजला.

"खालची वस्ती. खालची वस्ती. नदीला पाणी आलंय. माणसं-जनावरं घेऊन आत्ता शाळंत या. मी छबू सांगतेय."

ती थोडी थांबली. आणि पुन्हा, शब्दाला शब्द. 'इनंती' नव्हती, 'जमल्यास' नव्हतं. त्या आवाजात घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. आम्ही घडवलेल्या यंत्रातून आमच्याच गावाची सून बोलत होती, आणि सांगायला संकोच वाटत नाही, माझा ऊर भरून आला.

या वेळी मी फक्त खालच्या वस्तीचे ठिपके बघत होतो. बाराचे बारा हिरवे. खाली तेरावा ठिपका होता, तो लाल. तेरावं घर कुठून आलं? नाव बघितलं: माणिकतात्या. हा नंबर मी घातला नव्हता. छबूने स्वतः येऊन, मी दाखल्यांच्या गर्दीत असताना, घालायला सांगितलेल्या चार नव्या नंबरांत तो होता आणि मी न बघता घातला होता. यंत्राने दुसऱ्यांदा लावला. लाल. मी उठलो. जुन्या विहिरीला पाणी सगळ्यात आधी वळसा घालतं. तिसऱ्यांदा लावला आणि ठिपका हिरवा झाला. मी उभ्या उभ्या सेकंद बघत राहिलो. सात. चौदा. बावीस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

मी शाळेत पळालो. व्हरांड्यात छबू टेबल मांडून बसली होती, समोर तात्यांची डायरी, येणाऱ्या प्रत्येक घरापुढे खूण करत होती. सासरे, चुलत सासरे, सगळे रांगेत उभे राहून तिला आपलं नाव सांगत होते. खाली पाणी अंगणं ओलांडत होतं. वस्तीत एक माणूस नव्हता, एक शेळी नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी तात्या आले. डोक्यावर टोपी, गळ्याला उपरणं, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. दाराला कुलूप लावून, चपला घालून, ज्याला गाडी मिळणार याची खात्री आहे अशा प्रवाशासारखे चालत आले. मला वाटलं, टेबलामागे जाऊन बसतील. नाही. ते रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा छबूने वर बघितलं, आणि आता तिलाच बोलता येईना.

तात्यांनी दोन बोटं वर केली.

मी घाईघाईने म्हणालो, "तात्या, दोघं कोण? तुम्ही तर एकटेच."

छबूने मला हाताने गप्प केलं. "व्हय तात्या," ती म्हणाली, "दोनदा सांगितलं. शब्द बदलला न्हाय." आणि डायरीत तेराव्या घरापुढे खूण केली.

त्याच आठवड्यात मुलगी त्यांना फलटणला घेऊन गेली आणि थंडीत तात्या तिकडेच गेले. मी अंत्ययात्रेला पोचलो नाही, गाडी चुकली. त्यामुळे माझ्याजवळ शेवटचे तात्या हेच आहेत. खूण झाल्यावर त्यांनी टोपी सारखी केली, व्हरांड्यात बाकीच्यांच्या शेजारी जागा बघितली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.